खिळ्यावरची किल्ली

चौऱ्याण्णव साली लग्न होऊन मी वारणानगरहून कोल्हापुरात आले, तेव्हा मला साडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझे वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तासातासाला उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, मोजायचा, लिहायचा, हे त्यांचं काम. मी त्यांचीच मुलगी, त्यात रसायनशास्त्रातली बी.एस्सी., त्यामुळे कुठं काही वेगळं दिसलं की ते का, हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. सासरी पाठवताना आईने दागिन्यांच्या डब्याबरोबर एक सल्लाही दिला होता, तिथं जरा प्रश्न कमी विचार. दागिने मी नीट सांभाळले.

सासरचं साड्यांचं दुकान होतं. बाहेरून अरुंद, आत खोल, आणि पायरी चढलं की मागच्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी. खुर्ची नाही, काउंटर नाही. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसायचं आणि त्याच्यापुढे साड्या उलगडायच्या. आमचा सगळा धंदा लग्नाच्या बस्त्यावर चाले. बस्ता म्हणजे नवरीकडची आणि नवऱ्याकडची मिळून वीस-पंचवीस माणसं. सकाळी दहाला गादीवर चढली की नवरीच्या शालूपासून मानपानाच्या शेवटच्या लुगड्यापर्यंत सगळं ठरवून, दुपार कलल्यावरच ती उतरायची.

गादीच्या उजव्या कोपऱ्यात लोडाला टेकून माझ्या सासूबाई बसायच्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. घर लिंगायतांचं, मूळ गाव निपाणीकडचं, त्यामुळे मोठ्या माणसांत घरी कानडी आणि दुकानात मराठी अशी रीत होती. माझा नवरा तिसरीत असताना सासरे वारले. भाऊबंदांनी दुकान विकून टाका म्हणून सांगितलं. अव्वांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि महिन्याभराने स्वतःच येऊन सासऱ्यांच्या जागी बसल्या. बाईमाणूस दुकानाच्या गादीवर बसलेलं पेठेत तोवर कुणी बघितलं नव्हतं. पुढं पुढं लोक कागलहून, जयसिंगपूरहून ‘अव्वांच्या दुकानात’ म्हणून यायला लागले.

अव्वांच्या डोक्याच्या वर भिंतीत एक खिळा होता आणि त्याला सुतळीत ओवलेली एक जाडजूड किल्ली. मागच्या बोळात पाच दुकानांत मिळून एक संडास होता, त्याची ती किल्ली. दुकानातले गडी ती सहज काढून न्यायचे, परत आणून अडकवायचे. मी दुकानात बसायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाईसाठी ही किल्ली म्हणजे दवंडीच आहे. पावण्यांच्या डोक्यावरून हात लांब करून ती काढायची, हातात धरून बोळातून जायचं, आणि पाच दुकानांतल्या माणसांनी ते बघायचं. दोन-तीनदा मी गेले, मग सोडून दिलं. अव्वांना विचारलं, तुम्ही कधी जाता? त्या म्हणाल्या, घरात. घर दोन गल्ल्या सोडून होतं आणि जेवायला घरी जायची वेळ दीडची. सकाळी नऊ ते दुपारी दीड. बस्ता असला तर तीन, कधी चारसुद्धा. मला त्या वेळी त्यांच्या या ताकदीचं कौतुकच वाटलं होतं. स्वतःच्या अडाणीपणाचा राग मला आजही येतो.

अठ्ठ्याण्णवच्या लग्नसराईत अव्वा एकाएकी गादीवर बसायच्या बंद झाल्या. दारापाशी एक लाकडी स्टूल होतं, पावसाळ्यात छत्र्या टेकवायला ठेवलेलं. त्या त्यावर बसायला लागल्या. तिथूनच ‘ती मोरपंखी दाखीव की’, ‘ती नगं, ती काळ्या रंगावर खुलायची न्हाय’ असं गड्यांना ओरडून सांगायच्या. माझ्या नवऱ्याने लगेच ठरवून टाकलं, गुडघे गेले. तो गुडघ्याचं तेल घेऊन आला. तेलाची बाटली कपाटात तशीच राहिली, कारण त्याच गुडघ्यांनी अव्वा घरचा जिना दिवसातून दहा वेळा चढत होत्या, तेही पळत.

मला ते पळणं खटकलं. एकदा खटकलं की मग एकेक गोष्ट दिसायला लागते. फिकट अबोली आणि मोतिया रंगाची हौस असलेली बाई तीनच साड्या आलटून पालटून नेसत होती, आणि तिन्ही गडद, एक जांभळी, एक काळपट हिरवी, एक तपकिरी. धुणं धुवायला बाई असताना अव्वा स्वतःची साडी सकाळी लवकर स्वतः धुवायच्या. जुनी मऊ धोतरं फाडून पट्ट्या करून ठेवायच्या आणि त्या पट्ट्या कुठं जायच्या ते कळायचं नाही. निपाणीला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तर एसटीत मळमळतं म्हणून गेल्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर एसटीने गावोगाव फिरून माल आणला, तिला निपाणीपर्यंत मळमळणार? आणि पाणी! त्या पाणी प्यायच्याच नाहीत. घोट घेऊन तांब्या खाली ठेवायच्या.

एके दिवशी स्टुलावर बसलेल्या अव्वांच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर चुना लावलेला होता. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. लघवीला जळजळ व्हायला लागली की उन्हाळी लागली म्हणतात आणि पायाच्या अंगठ्याला चुना लावतात. मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, की चुना अंगठ्याला आणि आग दुसरीकडे, हे कसं काय? त्यांनी सांगितलं होतं, चुन्याने काही होत नाही, चुना लावणारी आजी वर तांब्याभर पाणी पाजते, त्याने होतं. इथं चुना होता आणि पाणी नव्हतं.

मी त्यांना एकटं गाठून विचारलं, उन्हाळी लागलीय का?

त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय? साड्यांच्या घड्या घाल जा."

मी गेले साड्यांच्या घड्या घालायला. पण आता माझी झोप उडाली होती.

मग तो कागलच्या पार्टीचा बस्ता आला. मोठं घर, बावीस माणसं. साडेतीन तास साड्या बघून झाल्या होत्या आणि शालू शेवटच्या दोनवर आला होता. ही वेळ अव्वांची. इथं त्या एकच वाक्य बोलायच्या आणि शालू ठरायचा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. अव्वा स्टुलावरून उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि काही न बोलता चालायला लागल्या. पार्टीची म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्या नवऱ्याने कसंबसं सावरून घेतलं. मी मागोमाग घरी गेले. कुलूप किल्लीसकट कडीला तसंच लोंबत होतं, आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पिळलेली जांभळी साडी होती. मला बघून त्या चिडतील असं वाटलं होतं, पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. दीड वर्ष झालं होतं म्हणे. लागली की लागलीच, दम धरवत नाही, आणि कधी कधी दारापर्यंत पोचत नाही. डॉक्टरकडे कशाला जायचं, हे वयाचं असतं, त्यांच्या आईचंही असंच होतं. आई शेवटची काही वर्षं घरामागच्या परड्यातल्या खोलीतच राहायची, माणसांत यायची नाही.

"ती गादी पांढरी हाय गं," त्या म्हणाल्या. "मला त्या गादीचं भ्या वाटतंय. ही लग्नसराई झाली की मी दुकान सोडतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःला येतो, जातोच म्हणतात, त्यामुळे ते वाक्य एखाद्या पुरुषाने राजीनामा द्यावा तसं वाटलं. ज्या कोपऱ्यावर त्यांनी पोरं वाढवली, घर उभं केलं, तो कोपरा त्या सोडायला निघाल्या होत्या. मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी साडी दोरीवर झटकून घातली आणि लेकाला यातलं एक अक्षरही सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

लेकाला फक्त एवढंच कळलं की आई दुकानातून निवृत्त होतेय. त्याला वाईट वाटलं, पण तो व्यवहारी माणूस. पावसाळ्यात दुकान नवं करून घेऊ म्हणाला, काचेचे काउंटर, पुढे गोल खुर्च्या. गादी काढायची. आता सगळीकडे तसंच आहे. सुताराला त्याने जुलैचा वायदा केला. म्हणजे माझ्या हातात अडीच महिने होते.

राजारामपुरीत एक लेडी डॉक्टर होत्या. माझ्या मैत्रिणीच्या बाळंतपणाची चौकशी करायची असं खोटंच सांगून मी अव्वांना तिथं नेलं. खोटं खोलीत शिरेपर्यंतच टिकलं. डॉक्टरांनी इतक्या सरळ प्रश्न विचारले, की अव्वा गोंधळून सरळ उत्तरं देत गेल्या. खोकताना, शिंकताना होतं का? क्वचित. रात्री किती वेळा उठता? दोनदा, तीनदा. पोट साफ होतं का? नाही. बाळंतपणं किती? चार, त्यातली दोन जगली नाहीत. हे मला तोवर माहीत नव्हतं. मग डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली, रक्तातली साखर बघितली. जंतू असतील तर औषध वेगळं, साखर असेल तर गोष्ट वेगळी, लघवीत रक्त कधी दिसलं तर लगेच यायचं, असं बजावलं.

"आणि वयाचं आहे असं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "वयाचं म्हणून किती बायका घरात बसल्यात, ते मी रोज बघते."

जंतू नव्हते, साखरही नव्हती. जळजळ होती ती पाणी न प्यायल्याने. डॉक्टरांनी औषधाआधी एक काम दिलं. तीन दिवस एका वहीत लिहायचं, काय प्यायलात, किती आणि कधी. लघवीला कधी गेलात, मोजून किती झाली. कपडे ओले झाले तर कधी. ‘मोजून’ हा शब्द ऐकून अव्वांनी डॉक्टरांकडे असं बघितलं, की मला हसू दाबावं लागलं. मी मात्र मनातून खूष. रविवारी माहेरी गेले आणि वडिलांकडून खुणा असलेला प्लास्टिकचा एक मोठा मोजमापाचा मग मागून आणला. कशाला हवाय, त्यांनी विचारलं. कपड्याला रंग द्यायचा प्रयोग करतेय म्हटलं. पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला, पोरगी अजून प्रयोग करते, म्हणून अभिमानाने सांगत होते.

वही अव्वांनी कानडीत लिहिली. लेकाला कानडी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मलाही यायचं नाही, त्यामुळे दुपारी त्या वाचून दाखवायच्या आणि मी मराठीत उतरवून घ्यायची. कपडे ओले झाले तिथं त्यांनी नुसता एक ठिपका काढला होता. त्या तीन दिवसांत मला जे दिसलं, ते कॉलेजच्या तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

पहिली गोष्ट, पाणी दिवसाला दोन भांडी. पण चहा अकरा वेळा! कारण आमची रीत. बस्त्याला आलेल्या पावण्यांना चहा द्यायचाच, आणि मालकाने त्यांच्याबरोबर घोटभर तरी घ्यायचाच. मालक चहाला शिवला नाही तर पावण्यांना वाटतं, याचं आपल्यात मन नाही. तेव्हा लघवी लागू नये म्हणून अव्वा पाणी टाळत होत्या आणि लघवीला घाई करणारा चहा मात्र अर्धा अर्धा कप करत दिवसभर पीत होत्या. दुसरी गोष्ट, घरी असल्या की त्या तासातासाला जात होत्या, पूजेला बसायच्या आधी, स्वयंपाकाच्या आधी, निघायच्या आधी दोनदा. ‘जाऊन ये आधी’ हे तर त्या घरातल्या प्रत्येकालाच सांगायच्या. आणि दर वेळी मोजलं तर कधी ऐंशी, कधी शंभर मिलिलिटर. एवढीशी. डॉक्टर म्हणाल्या, लघवीची पिशवी याच्या तिप्पट-चौपट आरामात धरते, पण थोडं झालं की रिकामं, थोडं झालं की रिकामं, असं शिकवलं तर ती थोड्यालाच हाका मारायला शिकते. दुकानात तासन् तास कोंडायचं आणि घरी तासातासाला सोडायचं, अशा दोन टोकांनी तिचं डोकं फिरलं होतं.

तिसरी गोष्ट मला रात्री अंथरुणावर सुचली. ठिपके चार होते. दोन दीडच्या सुमाराचे, दोन रात्री साडेआठच्या. दुकानात एकही नाही, रस्त्यात एकही नाही. म्हणजे ज्या गादीचं भय, तिथं काहीच झालं नव्हतं. दीडला आणि साडेआठला त्या काय करतात? घरी येतात. घराला कुलूप असतं. कमरेची किल्ली काढतात, कुलपात घालतात. कागलच्या बस्त्याच्या दिवशी त्या उठून घरी गेल्या, तेव्हाही कुलूप तसंच लोंबत होतं.

सकाळी मी कुणाला न सांगता प्रयोग केला. दीडला दहा मिनिटं असताना पुढे गेले, कुलूप काढून दार सताड उघडं ठेवलं. अव्वा आल्या, चपला काढल्या, चालत आत गेल्या. ठिपका नाही. संध्याकाळी तसंच केलं, ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कुलूप ठेवलं. किल्ली फिरायच्या आवाजालाच अव्वांनी दाराची चौकट घट्ट धरली. इतक्या वर्षांत पिशवीला कुलपाची खूण पटली होती. किल्ली वाजली की सुटका आली, हे तिने पाठ करून ठेवलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, बऱ्याच जणींचं असं असतं, कुणाचं कुलपाला, कुणाचं नळाच्या आवाजाला. तुम्ही नीट बघितलंत. बाहेर आल्यावर रिक्षात अव्वा म्हणाल्या, म्हणजे मी बिघडलो न्हाय, मला सवय लागलीया. ते त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

मग उपाय सुरू झाले. पाणी दिवसाला सात-आठ भांडी, पण एकदम नाही, वाटून. संध्याकाळनंतर कमी. पोट साफ राहायला ताक, पालेभाजी. चहा दोनच. पण पावण्यांचं काय? मी घरून किटलीत गवती चहाचा काढा करून आणायला लागले, त्यात चहाची पूड नाही, नुसतं आलं आणि दूध. अव्वांच्या कपात तो जायचा. आजवर एकाही पावण्याला ते कळलेलं नाही.

घाईची कळ आली की पळायचं नाही, हे सगळ्यात अवघड होतं. पळालं की पिशवी आणखी भडकते. असाल तिथं थांबायचं, टेकायचं, खालचे स्नायू चार-पाचदा पटापट आवळायचे, लक्ष दुसरीकडे न्यायचं. कळ चढते तशी उतरते. उतरली की मग चालत जायचं. आणि जायच्या वेळा दर आठवड्याला पंधरा पंधरा मिनिटांनी लांबवायच्या. शिवाय दिवसातून तीनदा त्याच स्नायूंचा व्यायाम, आवळून आधी पाच अंक, मग दहा अंक धरायचं. श्वास कोंडायचा नाही, पोट ताणायचं नाही.

हा व्यायाम अव्वा दुकानात करायला लागल्या, स्टुलावर बसून. गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं आणि अव्वा उत्तर न देता समोर बघत राहायच्या. मला माहीत होतं, त्या मनात कानडीत दहा मोजतायत. गिऱ्हाईकाला वाटायचं, अव्वांना राग आला. सात-आठ अंकांपर्यंत गिऱ्हाईक आपणच वर यायचं. नवरा म्हणाला, आईला आता घासाघीस भलतीच चांगली जमायला लागलीय. मी काय सांगणार?

सहा आठवडे झाले. ऐंशीचे दीडशे झाले, दोनशे झाले. रात्रीचं उठणं एकावर आलं. ठिपका पंधरा दिवसांत एखादा. पण अव्वा स्टुलावरून गादीवर येत नव्हत्या. जूनमध्ये त्यांना खोकला झाला, चांगला आठवडाभर. एका जोराच्या ढासेला दुकानातच साडी ओली झाली. कुणाला दिसलं नाही, मलाही नाही. घरी येऊन त्यांनी वही फाडली आणि चुलीत घातली.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "सुताराला बोलीव."

मी समजावलं, की हा खोकल्याचा ठिपका आहे, याने मागचं पुसलं जात नाही. त्या ऐकेनात. मग माझं डोकं फिरलं. सुताराचं येणं चार दिवसांवर आलं होतं. मी शपथ मोडली. त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, धोतराच्या पट्ट्यांपासून कुलपापर्यंत. सकाळी दुकान उघडल्यावर तो गादीवर चढला आणि भिंतीवरच्या त्या किल्लीकडे बघत उभा राहिला. लहानपणापासून रोज रात्री ती जागेवर आहे का ते बघायचं काम त्याचं होतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू पण दाबूनच बसत हुतीस काय?"

मी म्हटलं, "व्हय."

त्याने किल्ली काढली आणि शेजारच्या दुकानात देऊन आला. जुलैत सुतार आला नाही, गवंडी आला. मागच्या बाजूला जुन्या मालाची खोली होती, तिचा एक कोपरा काढून संडास बांधायचं ठरलं. अव्वा माझ्याशी बारा दिवस बोलल्या नाहीत. शपथ मोडली होती, त्यामुळे मीही काही म्हटलं नाही. तेराव्या दिवशी त्या गवंड्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दार आतून लागलं पाहिजे, बाहेरून कुलूप नको, आणि उठायला धरायला एक नळी भिंतीत बसीव, असं त्याला सांगितलं. परत येताना मला म्हणाल्या, वही नवी आण. मी दोनशे पानी आणली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बस्त्याला त्या स्टुलावरून उठल्या आणि गादीवर आपल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, अबोली साडी नेसून. मी साडीची घडी तीनदा चुकवली. अधूनमधून ठिपका पडायचा, नंतरही. त्या पट्टी घ्यायच्या आणि यायच्या. पाठ सोडणारं दुखणं नव्हतं ते, पण आता ते त्यांच्या हुकमात होतं.

दोन वर्षांनी, सन दोन हजारात, सीमेपलीकडून एक बस्ता आला. सगळी मंडळी चपला काढून वर चढली, नवरीची आजी तेवढी दारात उभी राहिली. सगळे बोलवत होते. ती म्हणत होती, माझी पाठ दुखतीया, मी हितंच बरी हाय. अव्वांनी शालू उलगडता उलगडता मान वर केली. मीही त्या बाईकडे बघितलं. साडी गडद तपकिरी. मग माझी नजर अव्वांच्या नजरेमागोमाग खाली गेली. पायाच्या अंगठ्यांच्या नखांवर चुना होता.

अव्वांनी शालू माझ्या हातात दिला. त्या उठल्या, वीस माणसांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि त्या बाईचा हात धरला. कानडीत हळू काहीतरी बोलल्या, मागच्या दाराकडे बोट दाखवलं. बाईने मान हलवली, नाही नाही म्हणाली, आणि गादीकडे बघितलं.

अव्वा मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसा आक्का. धुवायची म्हणूनच पांढरी ठेवलीया."

म्हातारी पायरी चढली. अव्वांनी तिला आपल्या कोपऱ्यात, लोडाशी बसवलं आणि मला सांगितलं, दोन कप आण, आपल्या किटलीतले.